काचेपलीकडची हाक

धक्का म्हणावा तर तो धक्काही नव्हता. गादीवर शेजारी झोपलेल्यानं कूस बदलावी आणि आपल्याला तेवढंच जाणवावं, असं काहीतरी डाव्या अंगाच्या पुढच्या चाकाखालून गेलं, मग मागच्या चाकाखालून गेलं, आणि गाडी काही झालंच नाही अशी पुढं निघाली. इलाही शिकलगाराला किळस आली. तोंडात तंबाखूचा तोबरा होता, चारी काचा बंद होत्या, एसी चालू होता, थुंकायला जागा नव्हती, आणि त्यानं अर्धा रस गिळला. पस्तीस वर्षं हा माणूस गाड्यांच्या पोटात हात घालून जगला होता. चाकाखालून दगड गेला की वीट, ऊस गेला की शेणाचा पो, हे तो अनवाणी तळपायानं सांगत असे. गाडी चालवताना वहाणा काढून सीटखाली सारायच्या ही त्याची पहिल्यापासूनची रीत. त्याचं गॅरेज होतं त्या उद्यमनगरात त्यावरनं थट्टा व्हायची, की मिस्त्री गाडीत बसतोय का मशिदीत शिरतोय म्हणून. आज त्या तळपायाखाली गालिचा होता, केसाळ आणि ऊबट, आणि जे काही वर यायचं ते सगळं त्या गालिच्यानं खाऊन टाकलं. काय गेलं चाकाखालून? त्याला कळलं नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं नाही, आणि त्याचीच त्याला शिसारी आली.

शेजारच्या सीटवर शाहूपुरीतले गुळाचे अडते ईरप्पा शेटे मांडी घालून बसले होते. गाडी त्यांचीच. नव्यानं घडवलेली छोटी गाडी, त्या साली नुकतीच बाजारात आलेली. आधीची चौकोनी पेटी मोडून कंपनीनं तिला गोल नाक दिलं होतं, मागची काच मोठी केली होती, आत एसी आणि कॅसेट बसवली होती. ईरप्पा अण्णांनी सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं, त्यामुळं दोघांच्या पाठी घामानं चिकटून सुटताना चर्र होत होत्या. जेवणातल्या मठ्ठ्याची आणि जिलेबीची ढेकर अण्णांनी गडमुडशिंगी गावाच्या अलीकडं दिली होती, आणि काचा बंद असल्यामुळं ती अजून गाडीतच फिरत होती. वर पुढच्या फळीवर अत्तराची बाटली. नव्या प्लॅस्टिकचा वास, अत्तर आणि ढेकर! इलाहीला वाटलं, माणूस मेल्यावर त्याच्या नाकात बोळे का घालतात ते आज कळलं.

"काय म्हंतासा मिस्त्री? लोणी हाय न्हवं, लोणी?" अण्णा म्हणाले. इलाहीनं रस्त्यावरची नजर काढून त्यांच्या तोंडाकडं बघितलं, तेव्हा त्याला शब्द लागले. ही सवय त्याला अलीकडं लागली होती. त्यानं नुसतीच मान हलवली. अण्णांना तेवढं पुरलं. पाच वाजता पेढीवर सहा व्यापारी जमणार होते, सगळे मोठे, सगळ्यांचा हात खिशाजवळ, आणि पाडव्याला गाडी नोंदवायची की नाही हे इलाही मिस्त्री काय म्हणतो त्यावर ठरणार होतं. कोल्हापुरात ही पद्धतच पडून गेली होती. जुनी गाडी घ्या, नवी घ्या, ट्रक घ्या, आधी मिस्त्रीला फिरवायला द्यायची, मिस्त्री येऊन एक वाक्य बोलणार, आणि त्या वाक्यावर व्यवहार. अण्णांनी या गाडीची एजन्सी घेतली होती, हमरस्त्यावर शोरूम बांधत आणलं होतं, मागं सर्विस स्टेशन. तिथला हेड मिस्त्री इलाही. पांढरा कोट शिवून आला होता, खिशावर लाल दोऱ्यानं नाव घातलं होतं. उद्यमनगरातली शेड मालकानं रिकामी करायला सांगितल्याला दोन महिने होत आले होते, तेव्हा त्या कोटाशिवाय इलाहीला दुसरी जागा नव्हती. त्यानं फक्त पाच वाजता एक वाक्य बोलायचं होतं.

आणि खरं सांगायचं तर गाडी त्याला आवडली होती. सगळ्यात घाण गोष्ट हीच. सकाळी शाहूपुरीतून निघताना त्यानं क्लच सोडला आणि गाडी अशी निघाली की त्याच्या अंगावर काटा आला. स्टेअरिंग एका बोटावर फिरत होतं. गिअर पडला की नाही ते हातालाच कळायचं, कानाला नाही. ॲम्बॅसिडरचा गिअर टाकायचा म्हणजे विहिरीवरचा रहाट ओढायचा, खांद्यापर्यंत कळ जायची, आणि ती कळ त्याला हवीशी होती. त्या कळेवर त्याचं घर चाललं होतं. तीन-चार वर्षांपूर्वी पहिली चौकोनी गाडी आली तेव्हा तिलाही त्यानं नावं ठेवली होती, डबडं म्हणाला होता. पण तिचं इंजिन त्याच्याशी बोलत होतं, पत्रा थडथडत होता. ही बोलत नव्हती. ही गुळगुळीत हसत होती, लग्नात आलेल्या मुंबईकर पाहुण्यासारखी. इलाहीला ती आवडत होती, आणि आवडते म्हणून स्वतःच्या पाठीचा, मांड्यांचा, मऊ सीटमध्ये बुडालेल्या ढुंगणाचा राग येत होता. त्याआधी कसबा बावड्यातल्या घरनं त्याला न्यायला अण्णा आले तेव्हा साखर कारखान्याच्या मळीचा वास नेहमीसारखा दाटून होता. गाडीचं दार लागलं, टक् असा काहीतरी आवाज झाला असावा, आणि वास कापला गेला. जन्मभर जो वास नाकात होता तो नाहीसा झाला. त्याला क्षणभर वाटलं आपलं नाकही गेलं.

नाकही. हा 'ही' कुठनं आला, ते इलाहीनं स्वतःला विचारलं नाही. विचारत नव्हताच तो, वर्षभर. सकाळी शमशाद, त्याची बायको, चहाची कपबशी घेऊन पाठीमागं उभी होती म्हणे, तीन हाका मारल्या म्हणे. मग समोर येऊन ती म्हणाली, "रेडिओ इत्ता बडा कायकू करतै जी? गल्ली के लोगां हसतै." त्यानं रेडिओ बंद केला आणि तिच्यावरच ओरडला. लसूण घालून कढवलेल्या तेलाची वाटी तिनं कोनाड्यात ठेवली, तिथं ती रोजच असते. तेल कशाला म्हणून त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. नवराबायकोत अशा वाट्या असतातच.

गाडी पुढं जात होती, आणि इलाहीच्या डोळ्यांसमोर मघाच्या बाईचं ते तोंड येत होतं. गडमुडशिंगी ओलांडल्यावर रस्त्यावर हरभरा पसरला होता. उपटून वाळवलेला हरभरा असा डांबरी रस्त्यावर टाकायचा, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या त्यावरनं जातात, घाटे फुटतात, दाणा मोकळा होतो, मग बायका झाडून भुसा उडवून घेतात. फुकटची मळणी. शहरातले ड्रायव्हर शिव्या देतात, पण इलाही कधी देत नसे. उलट मुद्दाम वेग कमी करून जाड थरावरनं गाडी घालायचा. बायका हात करून बोलवायच्या, या या पावणं, हिकडनं घ्या, हितं ऱ्हायलंय! आणि तो घ्यायचा, मग दोन मुठी हरभरे खिडकीतनं त्याच्या मांडीवर पडायचे. आजही एक बाई डावीकडं उभी होती. म्हातारी, काष्टा घातलेली, डोक्यावरचा पदर सुटलेला. तिनं दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं. मोठं उघडलं. इलाहीनं ते तोंड बघितलं, आणि त्याला वाटलं, बोलवते आहे. तोंडात तोबरा, काच बंद. बोलता येईना म्हणून त्यानं हात वर केला, आलो आलो असा, आणि स्टेअरिंग एका बोटानं डावीकडं फिरवलं. कडेला हरभऱ्याचा ढीग होता, त्याच्यावर. उपकार म्हणून. थोडं अण्णांना दाखवायला म्हणूनही, की बघा, ढिगावरनं जाते तरी पोटातलं पाणी हलत नाही. आणि मग ते कूस बदलल्यासारखं झालं. त्यानं आरशात बघितलं, तर आरशात ईरप्पा अण्णांचं कपाळ. भस्माचे पट्टे नीट आहेत का बघायला त्यांनी तो मघाशी आपल्याकडं वळवला होता.

बाई बोलवत होती. बोलवतच होती. मग तिनं हात असे का केले होते? बोलवणारी बाई हात आपल्याकडं ओढते. हिचे तळवे पुढं होते. इलाहीच्या तोंडाला पाणी सुटलं, कडू. आणि तो ढीग. ढीग कडेला का होता? मळायला टाकलेला हरभरा पसरलेला असतो, ढीग करून ठेवलेला नसतो. ढीग असतो तो अजून पसरायचा असतो, आणि ढिगाच्या आडोशाला, सावलीच्या अंगाला, बायका आपली चीजवस्तू ठेवतात. भाकरीचं गठुडं, पाण्याचा तांब्या. आणि, या अल्ला. हे इलाही शिकलगाराला ठाऊक नसावं? जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसलं तरी चालेल, त्याला नसावं?

कारण तो स्वतः त्या ढिगाखालचा होता. त्याची आई मेहमुदा जयसिंगपूरच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या हरभऱ्याची मळणी करायची, रोजानं. चार महिन्यांच्या इलाहीला तिनं मैलाच्या दगडाला टेकवलेल्या ढिगाच्या सावलीत निजवलं होतं. चन्नाप्पा नावाचा लॉरीवाला आला. लाकडी केबिनची लॉरी, इंजिन असं घरघरायचं की शेजारच्याला ओरडून बोलावं लागायचं. समोरनं बैलगाडी आली म्हणून त्यानं लॉरी कडेला घेतली, ढिगावर. मेहमुदा ओरडली. एकदाच. त्या सगळ्या खडखडाटातनं चन्नाप्पाला ती हाक ऐकू आली आणि तो ब्रेकवर उभा राहिला. चाक आणि पोर यांच्यात चार बोटं होती. हे इलाहीला आठवण्यासारखं नव्हतं, पण इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते आठवतच होतं. टायरचा तापलेला वास, वरनं पडणारी माती, आणि आईचा आवाज. चन्नाप्पा पुढं दर बाजारी थांबायचा, त्याला मांडीवर घ्यायचा, सोळाव्या वर्षी त्यानंच त्याच्या हातात स्टेअरिंग दिलं. कानडी हेल काढून म्हणायचा, "तुज्या आईचं वरडनं मला आयकू आलं म्हनून तू हैस बघ. ध्यानात ठेव." इलाहीनं ध्यानात ठेवलं होतं. गाडीचं सगळं कानानं करायचं. तोच आज तोबरा भरून, एसीची हवा खात, एका ओरडणाऱ्या बाईला हात करून आला होता.

त्यानं गाडी थांबवली. दार उघडून रस्त्यावर सगळा तोबरा थुंकला, मागनं दुपारचं खाल्लेलंही थोडं आलं. मार्चचं ऊन अंगावर पडलं.

"काय झालं ओ मिस्त्री? गाडी लागली व्हय?" अण्णा वाकून म्हणाले. त्यांना हसू आलं होतं. मिस्त्रीला गाडी लागली! हे त्यांना पेढीवर सांगायला मिळणार होतं.

"माघारी जायाचं."

"का?"

"चाकाखाली कायतर गेलंया."

"हरभरा गेलाय की. दुसरं काय जातंय?"

"ढिगाखाली गेलंया. अण्णा, ढिगाखाली लेकरं निजीवत्यात."

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं, पण त्यांनी घड्याळ बघितलं. घड्याळ बघितलं, हे इलाहीनं बघितलं, आणि त्याला त्या गोऱ्या, भस्म लावलेल्या, एसीनं गार झालेल्या मनगटाची अशी किळस आली की त्यानं तोंड फिरवलं, मग शब्दांसाठी पुन्हा समोर बघितलं. "चार वाजल्यात," अण्णा म्हणत होते. "लोकं जमत्यात. आन् तसं कायतर आस्तं तर... कळलं नसतं व्हय आपल्याला? दोगं हैत की आपन गाडीत. मानूस लावून देतो बघायला. तुमी चला." मग हळू आवाजात, "आन् तसं आसलंच मिस्त्री, तर आपन तिथं जाऊन उभं ऱ्हायचं व्हय?" हे शेवटचं इलाहीनं फक्त ओठांवरनं वाचलं. तो गाडीत बसला आणि त्यानं गाडी वळवली. तीही अशी वळली, जागच्या जागी, एका फेरीत. ॲम्बॅसिडरला दोनदा मागंपुढं करावं लागलं असतं.

दोन मैल. ते दोन मैल किती वेळ चालले ते सांगण्यात अर्थ नाही. इलाहीला वाटत होतं आपण आत्ता गाडी चालवत नाही, गाडीनं आपल्याला गिळलंय आणि ती आपल्याला घेऊन निघाली आहे. काच खाली केली तर तो आवाज येईल, म्हणून त्यानं काच खाली केली नाही. अण्णांनी कॅसेट बंद केली. तो मनात म्हणत होता, भाकरीचं गठुडं असू दे. गठुडं असू दे. जन्मभर गाडी चालवणार नाही, कोट नको, शेड नको, गठुडं असू दे. मग त्याला स्वतःच्या या घासाघिशीचीच घाण वाटली, अल्लाशी बाजार करतोय जुन्या टायरचा केल्यासारखा.

बाई तिथंच होती. रस्त्यात उकिडवी बसली होती, आणि तिच्या मांडीवर पोर होतं. जिवंत. मुठी चोखत होतं. इलाही अनवाणीच उतरला, तापलेल्या डांबरावर, आणि गाडीचं दार धरूनच उभा राहिला.

बाईनं त्याला आपादमस्तक बघितलं. "आलासा व्हय? या, पावणं," ती म्हणाली. "काय मस्ती आलिया काय ओ गाडीत बसून?" हे सगळं ती समोर बघून, मोठ्यानं बोलत होती, म्हणून त्याला ऐकू आलं. मग तिनं ढिगातनं एक वाकळ ओढून काढली. जुनेर शिवून केलेली लहान वाकळ, आणि तिच्या मधोमध, आडवी, टायरची नक्षी. नव्या टायरची, अगदी स्वच्छ, छापल्यासारखी. पाठोपाठ जर्मनचा, ॲल्युमिनियमचा तांब्या निघाला, भाकरीसारखा चपटा. कूस बदलली होती ती त्या तांब्यानं.

"ही हितं निजलीवती," बाई म्हणाली. तिचं नाव तानाबाई. पोर नातीचं होतं की लेकीचं ते इलाहीला कळलं नाही. "रडाय लागली म्हनून उचाललो. उचाललो, पाठीला बांदलो आन् मागं बघतो तर तुमची गाडी. तांब्या ऱ्हायला हुता, वाकळ ऱ्हायली हुती, म्हनून वरडलो. किती वरडलो! तुमी बघितलासा की माज्याकडं. हात केलासा! आन् हात करून वर गाडी घातलासा. आसा कसा ओ मानूस तुमी?"

"मला वाटलं बोलावतासा," इलाही म्हणाला.

"बोलावतोय? आसं बोलावत्यात?" आणि तिनं पुन्हा तळवे पुढं केले.

अण्णा खाली उतरले होते. त्यांनी आधी पोराकडं बघितलं, मग चाकाकडं, आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की पुन्हा मठ्ठा आला. "झालं की मग! देवानं राखलं. आक्का, नवा तांब्या देतो, पितळी देतो. चला मिस्त्री." पण इलाही हलेना. त्याच्या डोक्यात एक गोष्ट धरून बसली होती आणि ती त्याला हवी होती, भुकेल्याला भाकरी हवी तशी. ही गाडी. ही काच. अशी गाडी बनवतात की बाहेरनं माणूस ओरडून मेला तरी आत ऐकू येत नाही. हे पाच वाजता सांगायचं. सहाजणांच्या तोंडावर सांगायचं, की ही गाडी घेऊ नका, ही गाडी बहिरी आहे. कोट जाईल, जाऊ दे. निदान हे खरं असेल. किळस आली होती ती कशाची आली होती हे तरी कळेल.

"बाई," तो म्हणाला, "एक करतासा? आमी गाडीत बसतो. तुमी मघा हुता तिथंच उभं ऱ्हावा. आन् मघाशी वरडलासा तसं वरडा."

तानाबाईनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी कपाळाला हात लावला. "डोकं फिरलंया मिस्त्रीचं," ते म्हणाले. पण मिस्त्रीच्या चेहऱ्याकडं बघून गाडीत जाऊन बसले. इलाहीनं इंजिन चालू केलं. एसी मघासारखा. काचा वर. कॅसेटही लावली, कन्नड भजनं, मघा होती तेवढ्याच आवाजात. म्हणजे बटण तेवढंच फिरवलं, ऐकून नव्हे. तानाबाई पोराला कडेवर सरकवत उभी होती. तिला हसू आलं असावं, लाजही. मग तिचं तोंड उघडलं. मोठं उघडलं. दात तीन-चारच होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कडेवरच्या पोरीनं दचकून भोकाड पसरलं. इलाही टक लावून बघत होता. काहीही आलं नाही. काचेपलीकडं दोन तोंडं उघडी होती आणि आत नुसती गार हवा. त्याला बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं, अंगातनं काहीतरी निचरून गेल्यासारखं. तो अण्णांकडं वळला आणि म्हणाला, "बघितलासा? काय आयकू येतंय?"

"येतंय की," ईरप्पा अण्णा म्हणाले.

इलाही त्यांच्या ओठांकडं बघत राहिला.

"बारीक येतंय. पन येतंय. पोरगीचं रडनंबी येतंय." त्यांचं तोंड अवघडल्यासारखं हललं. "मघाशीबी आलतं मिस्त्री. मला वाटलं तुमी आयकलासा. तुमी हात केलासा न्हवं. म्हनलं, मिस्त्रीचा कान हाय, बघून घेतील."

एसीची हवा त्याच्या छातीवर येत होती. इलाहीनं कॅसेटचं बटण बंद केलं, इंजिन बंद केलं, आणि मग काही फरक पडला नाही. तेच होतं. गाडीत जी शांतता होती, जिची त्याला सकाळपासून शिसारी येत होती, ती गाडीची नव्हतीच. ती तो बावड्याहून बरोबर घेऊन आला होता. वर्षभर तो इंजिन तपासताना लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायच्या ऐवजी दातात धरत होता. उद्यमनगरातल्या बाकीच्या मिस्त्रींना त्यानं सांगितलं होतं की दातानं जास्त बारकं कळतं. त्यांनी ते खरं मानलं, दोघं-तिघं तसं करायलाही लागले! दातातनं कवटीत जो काय थरकाप पोचायचा त्यावर तो गाड्या पास करत होता, लोक त्याच्या वाक्यावर गाड्या घेत होते, आणि त्या गाड्या रस्त्यावर फिरत होत्या. त्यानं दार उघडलं तेव्हा तानाबाई अजून ओरडतच होती, आणि उघड्या दारातनं ते ओरडणं त्याच्याकडं आलं, लांबनं, शेतापलीकडनं आल्यासारखं.

जाताना त्यानं वाकळ मागितली, धुऊन आणून देतो म्हणाला. तानाबाईनं दिली नाही. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "मीच धुतो. तुमी घरला जावा पावणं, तोंड लई उतरलंय तुमचं." आणि तिनं दोन मुठी हरभरे त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबले, जशा बायका नेहमी देतात तशा.

पेढीवर सहाजण लोडाला टेकून बसले होते. गुळाच्या ढेपांचा गोड आंबूस वास, माश्या, चहाच्या बश्या, फडकं बांधलेला पंखा. एरवी हा वास इलाहीला आवडायचा. आज त्याला तो नकोसा वाटला. वाटेत शाहूपुरीच्या वळणावर अण्णांनी आरसा पुन्हा त्याच्याकडं वळवून दिला होता. आता ते गादीवर बसले, आणि शेजारी घडी घातलेला पांढरा कोट होता, खिशावरचं लाल नाव वर येईल असा ठेवलेला. "बोला मिस्त्री," कोणीतरी म्हणालं. इलाहीनं सगळ्यांच्या तोंडांकडं एकदा बघितलं. गाडी वाईट आहे असं म्हणायची त्याला इतकी इच्छा झाली की जीभ टाळूला लागली. म्हटलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. त्याचा शब्द राहिला असता, आणि कानाबद्दल कुणी विचारलं नसतं.

"गाडी चांगली हाय," तो म्हणाला. "मऊ हाय, हलकी हाय, वळती झक्क. नावं ठेवाय जागा न्हाय." आणि लगेच, त्याच श्वासात, "माजा कान गेलाय. वरीस झालं. मला आयकू येत न्हाय. मी सांगितल्यावर गाडी घिऊ नकासा."

पण पहिल्या वाक्यालाच पेढी उठली होती. एकजण दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारत होता, कुणी रंग विचारत होतं, कुणी पाडव्याला किती दिवस उरले ते बोटांवर मोजत होतं. सहा तोंडं एकदम हलत होती, आणि इलाहीला त्यातलं एकही लागेना. चहावाला आत आला. कुणीतरी हातात हात घेऊन जोरजोरात हलवला. ईरप्पा अण्णा तेवढे त्याच्याकडं बघत होते. त्यांनी ऐकलं होतं. ते उठले, जवळ आले, कोट त्याच्या खांद्यावर टाकला, आणि नीट समोर तोंड धरून, ओठ मोठे करून, सावकाश बोलले, बहिऱ्याशी बोलावं तसं. "गप ऱ्हावा. कुनी आयकलं न्हाय."

कोटाला नव्या कापडाच्या खळीचा वास होता. खांद्यावर तो बसलाही बरोबर. इलाहीनं सदऱ्याच्या खिशात हात घातला, तर हाताला हरभरे लागले. त्यानं कोट काढला, घडी घातली, गादीवर ठेवला. मग तो पेढीच्या मधोमध उभा राहिला आणि पुन्हा सगळं सांगितलं, कान, दातात धरलेला स्क्रूड्रायव्हर, वाकळ, सगळं. या खेपेला ओरडून सांगितलं. किती मोठ्यानं, ते त्याचं त्याला कळलं नाही. पण हलणारी तोंडं एकेक करून थांबली.